ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये थकलेली पुस्तकं रंगाने कशी दाखवायची: कंडिशनल फॉरमॅटिंग पहिल्यापासून

आमच्या गावच्या वाचनालयाची देवघेव आम्ही रजिस्टरवरून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये आणली. डेटा भरून झाला, फॉर्म झाले, आणि मग संध्याकाळी काउंटरवर बसणाऱ्या काकूंनी मला एकच प्रश्न विचारला, "अगं सगळं दिसतंय खरं, पण कुणाकडे पुस्तक अडकलंय ते मला एका नजरेत कसं कळणार?" रजिस्टरमध्ये त्या थकलेल्या, म्हणजे मुदत उलटूनही पुस्तक न आणलेल्या नावापुढे लाल पेनाने फुली मारायच्या, ती फुली कॉम्प्युटरवर गायब झाली होती. म्हणजे माझं काम अर्धवटच होतं. ती फुली परत आणायची म्हणजे कंडिशनल फॉरमॅटिंग, एखादी अट खरी ठरली की आपोआप रंग देणारी सोय, आणि ते नीट जमायला मला बरेच दिवस लागले, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. तुमचं वाचनालय नसेल, सोसायटीचा मेंटेनन्स असेल, पतसंस्थेचे हप्ते असतील, दुकानातला स्टॉक असेल, तरी गणित तेच आहे.

आधी एक सांगते. खाली सूत्रं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत. ॲक्सेसमध्ये टाइप करताना डेट, स्विच, इज नल, ट्रू हे सगळं नेहमीच्या इंग्लिश स्पेलिंगने टाकायचं. फील्डची, म्हणजे टेबलातल्या रकान्यांची नावं मी इथे वाचायला सोपी म्हणून मराठी ठेवलीत, ॲक्सेस टेबलात मराठी नावं घेतं पण, तरी माझा सल्ला असा की फील्डचं खरं नाव इंग्लिशच ठेवा आणि टेबल डिझाइनमध्ये कॅप्शन म्हणून मराठी नाव द्या, कारण पुढे कधी कोड लिहायची वेळ आली की तो कोड एडिटर युनिकोड नीट सांभाळत नाही आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसायला लागतात.

आता रचना बघू. देवघेव टेबलात दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख, देय तारीख आणि परत आल्याची तारीख. पुस्तक परत आलं नसेल तोवर शेवटचं फील्ड रिकामं. या टेबलावरून फॉर्म करायचा तर क्रिएट टॅबवर मोअर फॉर्म्स आणि त्यात मल्टिपल आयटम्स, म्हणजे एकाखाली एक ओळी दिसतात, याला कंटिन्युअस फॉर्म म्हणतात. काउंटरला हाच फॉर्म लागतो, एकेक रेकॉर्ड उलटत बसायला तिथे कुणाला वेळ नसतो.

इथे नवीन शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण एक चूक करतो आणि मीही केली. मला थोडं व्हीबीए, म्हणजे ॲक्सेसमध्ये कोड लिहायची भाषा, येत होतं, म्हणून मी फॉर्मच्या ऑन करंट इव्हेंटमध्ये (एखाद्या ओळीवर गेलं की चालणारा कोड) लिहिलं की देय तारीख उलटली असेल तर बॉक्सचा बॅककलर लाल. फॉर्म उघडला तर वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी लाल, दुसऱ्या ओळीवर क्लिक केलं तर सगळ्या पांढऱ्या. कारण असं की कंटिन्युअस फॉर्ममध्ये तुम्हाला वीस ओळींत वीस टेक्स्ट बॉक्स दिसतात पण खरा टेक्स्ट बॉक्स एकच असतो, ॲक्सेस तोच प्रत्येक ओळीला परत परत रंगवून दाखवतं, म्हणून त्याची प्रॉपर्टी बदलली की सगळीकडे बदलते. ओळीगणिक वेगळा रंग हवा असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगच वापरावं लागतं, कारण त्याचा नियम ॲक्सेस प्रत्येक ओळ काढताना त्या ओळीच्या डेटावर तपासतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता साधा नियम लावून बघू. फॉर्म लेआउट व्ह्यू किंवा डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा, देय तारखेचा बॉक्स सिलेक्ट करा, वर फॉरमॅट टॅबवर कंट्रोल फॉरमॅटिंगच्या गटात कंडिशनल फॉरमॅटिंगचं बटण आहे ते दाबा. रूल्स मॅनेजर उघडतो. न्यू रूल दाबा. वर दोन प्रकार दिसतात, पहिला म्हणजे चालू रेकॉर्डची किंमत तपासायची किंवा एक्स्प्रेशन, म्हणजे सूत्र, वापरायचं, दुसरा म्हणजे बाकीच्या रेकॉर्डशी तुलना करायची, त्यात डेटा बार मिळतात. आपल्याला पहिला हवा. त्यात खाली डावीकडे ड्रॉपडाऊनमध्ये तीन पर्याय: फील्ड व्हॅल्यू इज, एक्स्प्रेशन इज, आणि फील्ड हॅज फोकस. फील्ड व्हॅल्यू इज फक्त त्याच बॉक्सच्या किमतीबद्दल बोलतं. आपल्याला दोन फील्ड एकदम बघायचीत, परत आलं नाही आणि तारीख उलटली, म्हणून एक्स्प्रेशन इज निवडून असं लिहा:

[परत] इज नल अँड [देय] < डेट()

इज नल म्हणजे रिकामं आहे, डेट() म्हणजे आजची तारीख. खाली रंग निवडा, बोल्ड करा, ओके. फॉर्म व्ह्यूत जा, थकलेल्या तारखा रंगलेल्या दिसतील.

इथे डेट() च वापरा, नाऊ() नको. नाऊमध्ये वेळही असते, आणि आजच्या तारखेला नुसती तारीख म्हणून साठवलं की ॲक्सेसच्या लेखी ती रात्री बारा वाजताची वेळ असते, त्यामुळे आज परत करायचं पुस्तक आज सकाळी वाचनालय उघडतानाच थकलेलं दिसतं, आणि सभासद बिचारा वेळेवर आलेला असतो. तसंच दिल्याच्या तारखेच्या डिफॉल्ट व्हॅल्यूत नाऊ ठेवलं असेल आणि देय तारीख तिच्यावरूनच काढत असाल तर "आज देय" शोधणारा बरोबरचा नियम कधीच लागत नाही, कारण आत वेळ चिकटलेली असते. दोन्हीकडे डेट ठेवा, प्रश्नच मिटतो.

हे चाललं म्हणून मी उत्साहात पाच-सहा नियम अजून घातले. दोन दिवसांवर आलेलं पिवळं, थकलेलं नारिंगी, महिन्याच्या वर गेलेलं लाल, दिवाळी अंक असेल तर त्याचे वेगळे दिवस, आणि हे सगळं चार बॉक्सना वेगवेगळं. ॲक्सेस २००७ पर्यंत एका कंट्रोलला, म्हणजे फॉर्मवरच्या एका बॉक्सला, तीनच नियम लावता यायचे, २०१० पासून पन्नासपर्यंत लावता येतात, त्यामुळे कुणी अडवत नाही. पण महिन्याभराने कमिटीने ठरवलं की दिवाळी अंकाची मुदत बदलायची, आणि मला प्रत्येक बॉक्सचा प्रत्येक नियम उघडून सूत्र बदलावं लागलं, त्यात एक राहून गेलं, मग एकाच ओळीत तारीख नारिंगी आणि नाव पिवळं असं दिसायला लागलं. काकू मला विचारतायत, यातलं खरं कुठलं?

तेव्हापासून मी एकच पद्धत पाळते आणि तुम्हालाही हीच सांगेन, बाकी काही विसरलात तरी चालेल: नियम क्वेरीत लिहा, फॉरमॅटिंगने फक्त त्याचं उत्तर वाचायचं. क्वेरी म्हणजे टेबलातला डेटा हवा तसा काढून देणारी जतन केलेली मागणी. म्हणजे फॉर्म थेट टेबलावर न बांधता क्वेरीवर बांधायचा, आणि क्वेरीत एक जास्तीचा कॉलम करायचा:

स्थिती: स्विच([परत] इज नॉट नल, 0, [देय] इज नल, 9, डेट() > [देय] + 30, 3, डेट() > [देय], 2, डेट() >= [देय] - 2, 1, ट्रू, 0)

(वरचे आकडे टाइप करताना साधे इंग्लिश अंक.) स्विच डावीकडून उजवीकडे जोड्या वाचतं, पहिली जी अट खरी ठरेल तिचं उत्तर देतं. म्हणजे परत आलं असेल तर शून्य, बाकी काही बघायचं नाही. देय तारीखच नसेल तर नऊ. तीस दिवसांच्या वर थकलं तर तीन, नुसतं थकलं तर दोन, आज किंवा येत्या दोन दिवसांत देय असेल तर एक, आणि शेवटचं ट्रू म्हणजे उरलेलं सगळं शून्य. क्रम उलटा करू नका, दोनची अट तीनच्या आधी लिहिली तर तीन कधीच येणार नाही, कारण तीस दिवस थकलेलं पुस्तक एक दिवस थकलेलंही असतंच. दिवाळी अंकाची मुदत वेगळी असेल तर ती देय तारीख भरतानाच वेगळी लागते, रंगाच्या नियमाला त्याचं काही कळायची गरज नाही.

ते नऊ का घातलं ते सांगते, कारण ते फार महत्त्वाचं आहे. रिकाम्या तारखेशी तुलना केली की उत्तर खरंही येत नाही आणि खोटंही येत नाही, नल येतं, आणि कंडिशनल फॉरमॅटिंग नलला खोटं धरून पुढे जातं. म्हणजे ज्या ओळीत देय तारीख भरायचीच राहिली ती ओळ छान पांढरीशुभ्र, सगळं ठीक असल्यासारखी. आमच्याकडे एका सुट्टीत मदतीला आलेल्या मुलांनी बऱ्याच नोंदी देय तारीख न घालता केल्या होत्या, त्या पुस्तकांकडे कित्येक महिने कुणाचं लक्षच गेलं नाही, त्यातलं एक जुनं आउट ऑफ प्रिंट पुस्तक होतं आणि ते परत मिळालं नाही, मला त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून "माहिती नाही" ही अवस्था "ठीक आहे" पासून वेगळी दिसलीच पाहिजे. मी तिला राखाडी रंग दिलाय.

आता पूर्ण ओळ रंगवू. सोपा मार्ग म्हणजे शिफ्ट धरून सगळे बॉक्स सिलेक्ट करायचे आणि एकदम नियम द्यायचा, [स्थिती] = 3 वगैरे. चालतं, पण बॉक्सांच्या मधल्या फटी पांढऱ्या राहतात आणि ओळ तुटक दिसते. मला आवडतो तो मार्ग असा: डिझाइन व्ह्यूत डिटेल सेक्शनमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंदीची ओळ जिथे असते त्या भागात, एक नवीन टेक्स्ट बॉक्स टाकायचा, त्याचं लेबल उडवायचं, त्याला कुठल्याही फील्डशी जोडायचं नाही, ओढून पूर्ण ओळीच्या लांबी-रुंदीचा करायचा आणि अरेंज टॅबवरून सेंड टू बॅक. मल्टिपल आयटम्सने केलेल्या फॉर्ममध्ये बॉक्स एका लेआउटमध्ये बांधलेले असतात, ते एकमेकांवर येऊ देत नाहीत, त्यामुळे आधी सगळे सिलेक्ट करून रिमूव्ह लेआउट करावं लागतं. मी यावर एक पूर्ण दुपार घालवलीय. मग पुढच्या सगळ्या बॉक्सची बॅक स्टाइल ट्रान्सपरंट, आणि मागच्या मोठ्या बॉक्सची नॉर्मल, बॅककलर पांढरा, बॉर्डर ट्रान्सपरंट.

मागच्या बॉक्सला एनेबल्ड नो आणि लॉक्ड येस, या दोन्ही एकत्र द्या. नुसतं एनेबल्ड नो केलं तर तो फिकट करडा पडतो, नुसतं लॉक्ड केलं तर कुणी चुकून फटीत क्लिक केलं की तो बॉक्स पुढे येतो आणि ओळीतला मजकूर झाकतो. दोन्ही दिल्यावर तो गप्प मागे बसतो. अजून एक, डिटेल सेक्शनच्या प्रॉपर्टीत अल्टरनेट बॅक कलर असतो, त्याला नो कलर करा, नाहीतर ॲक्सेस स्वतःहून एक सोडून एक ओळ करडी रंगवतं आणि बॉक्सच्या कडेने ती करडी पट्टी डोकावते.

आता नियम फक्त त्या मागच्या बॉक्सला: एक्स्प्रेशन इज [स्थिती] = 3 ला फिका लालसर, [स्थिती] = 2 ला फिका पिवळा, [स्थिती] = 9 ला फिका राखाडी. एक नंबरला मी ओळ रंगवत नाही, फक्त देय तारखेचा बॉक्स बोल्ड करते. रंग फिकेच घ्या, गडद लालवर काळी अक्षरं संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये वाचता येत नाहीत. आणि जास्तीत जास्त तीन रंग. ज्या ओळी ठीक आहेत त्यांना हिरवा रंग देण्याचा मोह होतो, देऊ नका. ठीक असलेल्या ओळीच सगळ्यात जास्त असतात, सगळा स्क्रीन हिरवा झाला की ज्या चार ओळी बघायच्यात त्या त्यात बुडून जातात.

रंगाबद्दल अजून एक, आणि हे मला काकूंमुळे नाही तर आमच्या ग्रंथपाल सरांमुळे कळलं. मी पहिल्यांदा लाल-हिरवं केलं होतं, त्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, मला हे दोन्ही सारखेच दिसतात हो, लहानपणापासून तसंच आहे." लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात, पुरुषांमध्ये तर जास्तच, आणि बरेचजण सांगत नाहीत. म्हणून रंग कधीच एकटा ठेवू नका. क्वेरीत स्थितीवरून अजून एक छोटा कॉलम करा जो शब्दात सांगेल, "थकीत", "महिन्यावर", "तारीख नाही", आणि तो ओळीच्या सुरुवातीला ठेवा. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर यादी काढली तरी हाच शब्द कामाला येतो. शिवाय क्वेरी स्थितीनुसार उतरत्या क्रमाने लावा, मग देय तारखेने चढत्या. तीन-चारशे ओळींच्या यादीत लाल ओळ खाली कुठेतरी असेल तर तिथपर्यंत कुणी स्क्रोल करत नाही.

नियम लावूनही रंग येत नसेल तर मी या क्रमाने बघते. आधी रूल्स मॅनेजरमध्ये क्रम. ॲक्सेस वरून खाली तपासतं आणि पहिला खरा नियम लावून थांबतं, त्यामुळे वरचा नियम सैल असेल तर खालचे कधी पोहोचतच नाहीत, बाणाच्या बटणाने वर-खाली करा. मग कंस आणि अवतरण: फील्डचं नाव चौकोनी कंसात, मजकूर दुहेरी अवतरणात, आकडा उघडा. [स्थिती] = "3" आणि [स्थिती] = 3 यात फरक आहे. मग कंट्रोलचा प्रकार बघा. कंडिशनल फॉरमॅटिंग टेक्स्ट बॉक्स आणि कॉम्बो बॉक्सलाच लागतं, लेबल, चेकबॉक्स, बटण यांना नाही. लेबल रंगवायचंच असेल तर लेबल काढून टेक्स्ट बॉक्स ठेवा आणि कंट्रोल सोर्समध्ये बरोबरचं चिन्ह (=) देऊन मजकूर दुहेरी अवतरणात लिहा.

सगळ्यात फसवा प्रकार कॉम्बो बॉक्सचा. साहित्य प्रकाराच्या कॉम्बोत तुम्हाला "दिवाळी अंक" दिसतं, तुम्ही नियम लिहिता की किंमत "दिवाळी अंक" असेल तर रंगव, आणि काहीच होत नाही. कारण कॉम्बो दाखवतो नाव पण आत साठवतो प्रकाराचा क्रमांक, समजा चार. नियम त्या साठवलेल्या चारवर चालतो. प्रॉपर्टी शीटमध्ये बाउंड कॉलम कुठला आहे ते बघा, मग नियमात त्या कॉलममध्ये साठवलेली किंमत, इथे चार, लिहा.

फॉर्म हळू चालतोय, रंग टप्प्याटप्प्याने येतायत, स्क्रीन लुकलुकतोय असं झालं तर बहुतेक वेळा नियमात डी लुकअप किंवा डी काउंट, म्हणजे दुसऱ्या टेबलात शोधणारं किंवा मोजणारं फंक्शन, घातलेलं असतं. मागे सांगितलं तसं नियम प्रत्येक ओळ काढताना चालतो, म्हणजे स्क्रीनवर पंचवीस ओळी असतील तर पंचवीस वेळा टेबलात शोधाशोध, आणि स्क्रोल केलं की परत. ते काम क्वेरीतल्या जॉइनने, म्हणजे दोन टेबलं क्वेरीतच जोडून, करा.

दोन छोट्या गोष्टी ज्या काउंटरवाल्यांना फार आवडल्या. एक, फील्ड हॅज फोकस. सगळे बॉक्स सिलेक्ट करून हा नियम लावला आणि फिका निळा दिला की कर्सर जिथे आहे तो बॉक्स उठून दिसतो, चष्मा लावून टाइप करणाऱ्यांना मोठाच आधार. दुसरी, नियमाच्या खिडकीत रंगांच्या शेजारी एनेबलचं बटण आहे ते. पुस्तक परत आलं असेल, म्हणजे [परत] इज नॉट नल, तर दंडाच्या बॉक्सला ते बटण बंद करा, मग जुन्या नोंदीत चुकून दंड टाकला जात नाही. मात्र याला कुलूप समजू नका, टेबल उघडून कुणीही बदलू शकतं, हे फक्त चुकून होणाऱ्या गोष्टी थांबवतं.

रिपोर्टमध्ये हेच सगळं चालतं, एका गोष्टीचं भान ठेवून: रिपोर्टमध्ये जे फील्ड कुठल्याच बॉक्सला जोडलेलं नाही ते नियमाला कधीकधी सापडत नाही. स्थितीचा एक बॉक्स डिटेलमध्ये टाका आणि त्याचं व्हिजिबल नो करा, काम होतं. फोन करायची यादी मी अशीच काढते, स्थिती दोन आणि तीनची, सभासदाच्या नावाने गट करून.

आणि हे सगळं काउंटरवर द्यायच्या आधी सात खोट्या नोंदी करून बघा: देय परवा, देय आज, देय काल, बरोबर तीस दिवसांपूर्वी, एकतीस दिवसांपूर्वी, देय तारीख रिकामी, आणि खूप जुनी पण परत आलेली. परवा आणि आजच्या तारखा बोल्ड पण ओळ पांढरी, काल आणि तीस पिवळं, एकतीस लाल, रिकामं राखाडी, परत आलेलं पांढरं. तीस आणि एकतीसच्या मधली रेघ बरोबर पडली का ते खास बघा, चुकतं ते तिथेच. आमच्या काकूंनी त्या सात ओळी स्वतः तपासल्या, शेवटची पांढरी बघून म्हणाल्या, "हां, ही आली परत," आणि मग मी त्या नोंदी डिलीट केल्या.